एका तपाचे फळ

स्टीफनी मायर या अमेरिकन लेखिकेची 'मिडनाइट सन' ही कादंबरी ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि पहिल्या आठवड्यातच तिच्या दहा लक्ष प्रती खपल्या. खपावरूनच योग्यता ठरत असती तर टीकाकारास कामच उरले नसते. ज्या वाचकांनी या पुस्तकाची एक तपभर वाट पाहिली, त्यांची येथे निराशा झाली आहे, आणि ती रास्त आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मूळ कथा २००५ सालच्या 'ट्वायलाइट'ची. वॉशिंग्टन संस्थानातील फोर्क्स या पावसाळी गावी आलेली बेला ही सतरा वर्षांची मुलगी एडवर्ड नामक रक्तपिपासू पिशाचाच्या प्रेमात पडते. हा १९१८ च्या इन्फ्लुएंझात मरणोन्मुख असता पिशाचयोनीत गेला. त्यास सर्वांचे विचार ऐकू येतात, एकट्या बेलाचे तेवढे येत नाहीत. ते पुस्तक बेलाच्या तोंडून सांगितलेले होते. तीच कथा एडवर्डच्या तोंडून सांगण्यास लेखिकेने आरंभ केला; परंतु २००८ मध्ये पहिली बारा प्रकरणे परवानगीवाचून बाहेर फुटली, व तिने उद्विग्न होऊन लेखणी खाली ठेविली. तो अपुरा खर्डा मग तिने स्वतःच वाचकांस खुला केला.

आता या साडेसहाशेहून अधिक पानांत नवे काय मिळाले? पहिले प्रकरण उत्तम आहे यात शंका नाही. शाळेच्या वर्गात बेलाच्या रक्ताचा गंध येताच, साक्षीदार उरू नये म्हणून सगळ्या वर्गाचीच हत्या कशी करावी याचा हिशेब एडवर्ड मनाशी मांडू लागतो. तेथे खरे भय आहे. परंतु हे प्रकरण २००८ पासूनच वाचकांच्या हाती होते! पुढे २००५ चेच प्रसंग आणि तेच संवाद येतात, व प्रत्येक वाक्यामागे एडवर्डचे मनोगत शेपटासारखे जोडलेले असते. वेताळाच्या गोष्टीत विक्रमाने तोंड उघडले की वेताळ पुन्हा झाडावर जातो. येथे पिशाचानेच तोंड उघडले आणि पिशाचपण निसटून गेले. त्याच्या मौनात जे गूढ वाटत होते, ते बोलल्यावर निव्वळ कुरकुर ठरले.

आमचा मुख्य आक्षेप मात्र याहून गंभीर आहे. एडवर्ड रात्री चोरून बेलाच्या खोलीत शिरतो व निजलेल्या मुलीकडे पाहत बसतो. शेजारच्या खोलीत तिचा बाप चार्ली स्वान, जो गावच्या पोलिसांचा प्रमुख, झोपलेला असतो. हे कृत्य निंद्य आहे हे एडवर्ड जाणतो, स्वतःस दूषणे देतो, आणि खिडकी करकरते म्हणून पुढच्या खेपेस तेल आणण्याचा बेतही करतो! एवढ्या एका तेलावर समर्थ लेखकाने सबंध कादंबरी उभी केली असती. आमच्या लेखिकेस त्यात विसंगती दिसतच नाही. आत्मनिंदा हेच तिच्या लेखी प्रायश्चित्त. 'मी वाईट आहे' असे सुंदर मुद्रेने म्हणत तेच करीत राहणाऱ्या पुरुषास आदर्श प्रियकर म्हणून मांडणे हा पंधरा वर्षांच्या वाचिकेशी केलेला अन्याय होय. २००५ मध्ये जी पंधरा वर्षांची होती ती २०२० मध्ये तीस वर्षांची झाली. तिला आता हे कळते. पुस्तकाला कळलेले नाही.

ही करमणुकीची पुस्तके, यांस असले निकष कशाला, असे कोणी म्हणतील. वाचकाने ज्यात आपले मन गुंतविले, त्याच्याकडून मनाची किंमत मागू नये की काय? लेखिकेवर अन्याय झाला हेही खरे, आणि त्याबद्दल आमची तिला पूर्ण सहानुभूती आहे. पण चोरीच्या दुःखापोटी साहित्यात वाढीव गुण देण्याची चाल नाही.

एडवर्डच्या परचित्तज्ञानाचा उपयोग जेथे केला आहे, उदाहरणार्थ सालस अँजेलाच्या मनाचे जे दर्शन घडते तेथे, पुस्तक क्षणभर जिवंत होते. आणखी पुस्तके लिहिण्याचा मानस लेखिकेने बोलून दाखविला आहे. त्यांतील एखादे शेजारच्या खोलीत झोपलेल्या त्या बापाच्या तोंडून आले, तर आम्ही ते अवश्य विकत घेऊ.