महेंद्रलालांचं ऐकून तरी घ्यायला हवं होतं

1863 साली कलकत्त्यात ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची बंगाल शाखा स्थापन झाली, तेव्हा डॉ. महेंद्रलाल सरकार भर सभेत होमिओपॅथीवर तुटून पडले होते. त्याच वर्षी ते कलकत्ता विद्यापीठाचे एमडी झाले. ही पदवी मिळवणारे ते दुसरेच. हावडा जिल्ह्यातल्या पाइकपाड्यात 1833 मध्ये जन्मलेला, आईवडिलांविना मामांकडे वाढलेला हा मुलगा आता शहरातला नामांकित डॉक्टर झाला होता.

मग परीक्षणासाठी मॉर्गन नावाच्या लेखकाचं होमिओपॅथीवरचं पुस्तक त्यांच्या हाती आलं. ते झोडपायचंच होतं, पण त्याआधी हे उपचार प्रत्यक्ष बघावेत असं त्यांना वाटलं. कलकत्त्यातले धनिक राजेंद्र दत्त स्वतः होमिओपॅथीची औषधं देत. ईश्वरचंद्र विद्यासागरांची जुनाट डोकेदुखी त्यांच्याच उपचारांनी थांबल्याचं सांगितलं जाई. महेंद्रलाल दत्तांचे रुग्ण तपासू लागले आणि त्यांचं मत पालटलं.

16 फेब्रुवारी 1867 रोजी त्याच शाखेच्या सभेत त्यांनी निबंध वाचला. प्रचलित उपचारांमधली अनिश्चितता दाखवून होमिओपॅथीचा जनक हानेमान याच्या पद्धतीचा विचार व्हावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सभेत गदारोळ झाला, सभागृहातून बाहेर काढण्याची भाषा झाली. सहकाऱ्यांनी वाळीत टाकलं, कित्येक महिने रुग्ण फिरकेनात. पुढे 1878 मध्ये विद्यापीठाने त्यांना वैद्यक विद्याशाखेत घेतलं, तर तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्यासोबत बसायलाच नकार दिला.

होमिओपॅथीचे समर्थक ही कथा मोठ्या अभिमानाने सांगतात: एवढा मोठा एमडी आमच्याकडे आला! विरोधक ती टाळतात. दोघांचंही चुकतं.

महेंद्रलालांचा निष्कर्ष टिकला नाही, हे आधी स्पष्ट म्हणायला हवं. रुग्ण बरा होताना पाहणं म्हणजे औषधाने तो बरा झाला याचा पुरावा नव्हे. बरेचसे आजार आपल्या गतीने ओसरतात. हे ताडून पाहण्याची रीत तेव्हा ठाऊक नव्हती असंही नाही. 1835 मध्येच जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये काही कुप्यांत होमिओपॅथीच्या रीतीने अतिविरल केलेलं मीठ आणि बाकीच्यांत नुसतं पाणी भरून त्या वाटल्या गेल्या. कोणत्या कुपीत काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. अनुभव कळवणाऱ्या 50 जणांपैकी 42 जणांना काहीच जाणवलं नाही. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हाही होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारासाठी सापडला नाही.

पण 1867 मध्ये समोरच्या बाजूला तरी काय होतं? जळवा लावणं, रक्त काढणं, पाऱ्याची औषधं, जालीम रेचकं. आधीच खंगलेला रुग्ण अशा उपचारांनी आणखी खचे. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांनी निदान अपाय होत नसे. म्हणूनच महेंद्रलालांचा प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तर देण्याऐवजी त्यांचं तोंड बंद करणं हे विज्ञानाला शोभणारं नव्हतं. न्यूरेंबर्गसारखी चाचणी कलकत्त्यात सर्वांसमक्ष घेतली असती, तर वादाचा निकाल तिथेच लागला असता. कदाचित महेंद्रलालांनीही तो मानला असता.

असं म्हणायला आधार आहे: तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, हीच त्यांची वृत्ती होती. 1868 मध्ये त्यांनी ‘कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन’ हे मासिक सुरू केलं आणि त्यातून भारतीयांनी चालवलेल्या विज्ञानसंस्थेची गरज मांडायला सुरुवात केली. कादंबरीकार बंकिमचंद्रांनी आपल्या ‘बंगदर्शन’ मासिकातून पाठिंबा दिला, विज्ञान शिकवणारे जेझुइट धर्मगुरू फादर लाफाँ सोबत उभे राहिले आणि 1876 मध्ये बहूबाजारात ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ उभी राहिली. 1885 मध्ये घशाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या रामकृष्ण परमहंसांवर ते उपचार करत होते. त्यांच्याविषयी अपार माया असूनही त्यांना अवतार मानायला हा डॉक्टर शेवटपर्यंत तयार झाला नाही, शिष्यांशी तासन्‌तास वाद घालत राहिला.

1904 मध्ये महेंद्रलाल गेले, ते संस्थेला पुरेसा पैसा आणि संशोधक मिळाले नाहीत ही खंत घेऊन. तीनच वर्षांनी सरकारी हिशेब खात्यातला एक तरुण अधिकारी त्या जवळजवळ ओस पडलेल्या प्रयोगशाळेत येऊ लागला: चंद्रशेखर वेंकट रामन. ज्या शोधाला 1930 चं नोबेल मिळालं, तो 28 फेब्रुवारी 1928 रोजी याच संस्थेत लागला.

होमिओपॅथीचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. महाराष्ट्रात वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांनी ॲलोपॅथीची औषधं द्यावीत की नाही, यावर मोर्चे आणि संप झाले आहेत. या वादातल्या दोन्ही बाजूंच्या महाविद्यालयांनी महेंद्रलालांचा 1867 चा निबंध आणि न्यूरेंबर्गच्या चाचणीचा अहवाल एकत्र ठेवून विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावा. प्रश्न विचारणाऱ्याला हुसकावून लावणं आणि उत्तर न तपासता स्वीकारणं, या दोन्ही चुका त्यांना तिथे शेजारी शेजारी दिसतील.