अर्ध्या तासाचा हिशेब

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाची शुश्रूषा करणाऱ्या सुनेला डॉक्टरमहाशय आणि वृत्तपत्रांच्या आरोग्य-पुरवण्या एकमुखाने सांगतात : स्वतःकडेही लक्ष द्या, रोज अर्धा तास चालत जा. उपदेश बिनचूक आहे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. पण त्या अर्ध्या तासात सासऱ्यांजवळ कोण बसणार, हे या हितचिंतकांपैकी कोणी विचारीत नाही. सासरे दार उघडून रस्त्याला लागतात, गॅस सुरू ठेवतात. आणि त्यांची अस्वस्थता बहुधा तिन्हीसांजेलाच वाढते, जेव्हा इतरेजन उद्यानात फेऱ्या मारीत असतात. सवय जडत नाही ती मनोनिग्रहाच्या अभावी नव्हे, बदली माणसाच्या अभावी.

साठीपुढील भारतीयांत सुमारे ८८ लाख स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असावेत, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांची देखभाल घरातच आणि विनावेतन होते. २०२४ च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यावर दिवसाकाठी २८९ मिनिटे खर्ची पडलेली दिसतात, पुरुषांची ८८. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या श्रमांना स्थान नाही. कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये कामगाराला विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक सहसा राबवता येत नसे. किमान अर्ध्या तासाची सुट्टी हा त्याचा हक्क होता. घरातल्या या कामगारणीला तोच अर्धा तास उपदेश म्हणून मिळतो! २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. शुश्रूषा करणारीच्या विश्रांतीविषयी तो कायदा मौन बाळगतो.

रुग्णालाच बरोबर घेऊन फिरावे, असे कोणी सुचवील. आजाराच्या आरंभी ते त्याच्या हिताचेही आहे. मात्र त्याचा हात धरून, पावलोपावली थांबत चालणे ही तिची विश्रांती नव्हे. ती पाळी पुढे चालूच राहिली.

तेव्हा पाळी बदलली पाहिजे. घरातील मुलाने ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बापाजवळ बसावे, आणि त्याला ‘बायकोला मदत’ असे गोंडस नाव देऊ नये. परंतु ज्या घरात दुसरे माणूसच नाही, तेथे काय? बालकांसाठी १९७५ पासून अंगणवाड्या चालविणाऱ्या शासनाला वॉर्डावॉर्डात वृद्धांसाठी दिवसा सांभाळाचे केंद्र आणि घरी येणारी प्रशिक्षित सेविका अशक्य नाही. (तिला मात्र वेतन द्यावे; अंगणवाडी सेविकांची ‘मानधना’वर केलेली बोळवण पुरे झाली.) बदली माणूस वेळेवर आले, की पहिल्या आठवड्यात गल्लीच्या टोकापर्यंतची दहा मिनिटेही चालतील. तीस मिनिटांपर्यंत ती स्वतःच जाईल.