उताऱ्याशेजारी काजळीही लिहा!

साखर कारखान्याचा धूर ही समृद्धीची खूण आहे, असे आमच्याकडे मानतात. मानायला माझी हरकत नव्हती. पण ही खूण वाळत घातलेल्या धोतरावर पडते, पापडाच्या चादरीवर पडते आणि लेकरांच्या छातीतही उतरते. तिथे उतरल्यावर तिला समृद्धी म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

बारामती आणि इंदापूर हे उसाचे तालुके. गेल्याच्या गेल्या शतकात नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, मागून ऊस आला, आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सभासदांच्या पैशांतून सहकारी कारखाने उभे राहिले. त्यांनी शेतकऱ्याला पक्के घर दिले, त्याच्या मुलांना कॉलेज दिले. हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. पण उपकाराची फेड गप्प बसूनच करायची असते, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतो. त्या समारंभाला आम्ही 'अग्निप्रदीपन' असे भारदस्त नाव दिले आहे. पुढे गव्हाणीत मोळी पडते आणि चार-पाच महिने धुराडे थांबत नाही. एक टन ऊस गाळला की सुमारे तीनशे किलो ओला भुसा उरतो आणि तोच बॉयलरखाली जळतो. भुसा हलका, अर्धवट जळालेले त्याचे कण धुराबरोबर वर जातात आणि वाऱ्याच्या मर्जीने कुठेही उतरतात. त्यातच हंगाम थंडीचा. पहाटे गार हवा जमिनीलगत दडून बसते आणि धुराला वर जाऊ देत नाही. भरीला आमचेच शेतकरी ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवून देतात. जे पाचट सरीत कुजवले तर रानाला खत होईल, त्याची राख करून वर युरियाच्या पोत्यांसाठी रांगेत उभे राहायचे!

याबद्दल बोललो की आमचे एक स्नेही हसतात. "अहो मास्तर, हे काय सिमेंट आहे? गवताची तर राख!" त्यांच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस ही सिमेंटची गावे आहेत. चुनखडी फोडायची, दळायची, साडेचौदाशे अंशांच्या भट्टीत भाजायची. त्यातल्या प्रत्येक पायरीवर धूळ. कोळसा, वीज आणि सिमेंट यांच्या माऱ्याखालचे चंद्रपूर २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या यादीत देशात चौथे आले होते. तिथल्या माणसांपुढे आमचे रडगाणे लहानच आहे. पण शेजाऱ्याला विषमज्वर झाला म्हणून आपल्या हिवतापावर औषध घ्यायचे नाही की काय? आणि गवताची असली तरी राख ती राखच. डोळ्यांना दिसते ती काजळी झटकता येते, धुता येते. केसाच्या तिसाव्या हिश्शाएवढा जो कण दिसत नाही, तो फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. आपण उसाचे की चुनखडीचे, हे तो सांगत बसत नाही.

सर्वांत जास्त काजळी कोणाच्या वाट्याला येते? ज्याच्याजवळ एक शेअर नाही, त्याच्या! बीडहून, अहिल्यानगरहून आलेली कोयत्याची माणसे कारखान्याच्या तळावर, अगदी धुराड्याच्या सावलीत कोप्या घालतात. त्यांची मुले हंगामापुरती माझ्या वर्गात बसतात. कफाने घुरघुरत पाढे म्हणणारे पोर मी दरसाल पाहतो. त्याच्या बापाला सर्वसाधारण सभेचे आमंत्रण नसते. ज्यांना असते, ते आम्ही तिथे काय बोलतो? दर, उतारा, कामगारांचा बोनस. धुराड्याचा विषय काढणाऱ्याकडे सारे असे पाहतात, की जणू त्याने घरच्या लग्नात रुसवा मांडला. मालक आम्हीच आणि काजळी खाणारेही आम्हीच. मग तक्रार करायची कोणाविरुद्ध? सहकाराने आम्हाला पुष्कळ शिकवले. स्वतःच्या मालमत्तेला जाब विचारायला तेवढे शिकवले नाही.

उपाय नाहीत असेही नाही. धूर पाण्याच्या फवाऱ्यातून नेता येतो, विजेच्या भाराने कण ओढून घेता येतात. याच इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने साखरेच्या आणि सिमेंटच्या कारखान्यांची यंत्रे घडवली, अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे घडवली. आभाळ भेदण्याचे सामान जिथे तयार होते, तिथे आभाळातून पडणारी काजळी अडवता येत नाही, हे मी कसे मानू?

कायदाही आहे. हवेचा कायदा १९८१ चा. धुराड्यातून जाणाऱ्या एक घनमीटर वायूत १५० मिलिग्रॅमच्या वर कण नसावेत, असा साखर कारखान्यांसाठीचा नियम २०१६ चा. आणि धुराड्यावर सतत मोजणारे यंत्र बसवून त्याचे आकडे मंडळाकडे पाठवा, हा हुकूम २०१४ चा. म्हणजे आकडा मुंबईला कळतो, दिल्लीला कळतो. फक्त धुराड्याखाली राहणाऱ्याला कळत नाही!

माझी मागणी एवढीच आहे. फाटकाजवळच्या फलकावर आजचे गाळप, आजचा उतारा रोज लिहितात. त्याच्या शेजारी आजची काजळी लिहा. फलकावर जागा नसेल, तर आमच्या शाळेत एक जुना फळा पडून आहे. हेडमास्तरांना विचारून ठेवले आहे, खडूसकट मिळेल.