बालकाची पायगाडी

गेल्या कांहीं वर्षांत शहरांतील घरांमधून एक नवें वाहन दिसूं लागलें आहे, आणि आतां तें सफाळें स्टेशनावर उतरून आमच्या दातिवऱ्यासारख्या किनाऱ्यावरील गांवींहि येऊन पोंचलें आहे. दोन चाकें, एक बैठक आणि एक हँडल एवढाच त्याचा संसार. पायडल नाहीं, सांखळी नाहीं. मूल बैठकीवर बसतें, दोन्ही पाय जमिनीस लावून चालूं लागतें, मग धांवतें, आणि धांवतां धांवतां पाय उचलून क्षणभर तरंगतें. यास इंग्रजींत ‘बॅलन्स बाइक’ म्हणतात. पूर्वीं मराठींत सायकलीस ‘पायगाडी’ असें म्हणत. पायडल मारून चालणाऱ्या यंत्रापेक्षां तें नांव या वाहनासच अधिक शोभतें, म्हणून मी येथें तेंच वापरतों.

ज्या घरांत दीड-दोन वर्षांचें मूल आहे त्या घरांत यावरून मतभेद ठरलेलाच. आजीबाईंस पांगुळगाडा हवा. काकांस बाजूला दोन जादा चाकें लावलेली छोटी सायकल हवी. आणि शेजारीं ‘वॉकर’ आला म्हणून आपल्याहि घरीं तो यावा असें कोणास तरी वाटतेंच. पांगुळगाड्याविषयीं माझी तक्रार नाहीं. तो लांकडी गाडा मूल स्वतःच्या पायांवर उभें राहून ढकलतें. भार त्याच्याच पायांवर असतो, आणि मूल चालूं लागलें कीं गाड्याचें काम संपतें. वॉकरची गोष्ट निराळी. त्यांत मूल झोळींत घातल्यासारखें लोंबतें, चवड्यांनीं जमीन रेटतें, आणि ज्या वेगाचें त्यास भान नाहीं त्या वेगानें ओटीच्या पायरीपर्यंत जाऊन पोंचतें. यानें चालणें लवकर येतें ही समजूतहि खरी नव्हे. तें उलट लांबूं शकतें, असें बालरोगतज्ज्ञ सांगतात. कॅनडा देशानें २००४ सालीं या वस्तूची विक्रीच बंद केली. जेथें ओटी, पडवी आणि अंगण अशा तीन उंच्या आणि परसांत विहीर, तेथें हें यंत्र आणूं नये असें मी आग्रहानें सांगतों.

‘पायडल नाहीं म्हणजे सायकल अर्धी, आणि पैसे मात्र पुरे!’ असा आक्षेप वडील मंडळी घेतात. त्यांस थोडा इतिहास सांगावा. जर्मनींतील बाडेन संस्थानचे वनाधिकारी कार्ल फॉन ड्राइस यांनीं १२ जून १८१७ रोजीं मानहाइम शहराहून जी पहिली दुचाकी हांकली, तिला पायडल नव्हतेंच. गाडी लांकडाची, वजनानें वीस किलोंच्या वर. स्वार जमिनीस पाय मारीत धांवे. त्या दिवशीं जाऊन-येऊन सुमारें तेरा-चौदा किलोमीटर अंतर त्यांनीं तासाभराच्या आंत तोडलें. पायडल लागलें तें पॅरिसमध्यें, १८६० नंतरच्या दशकांत. म्हणजे मनुष्यजात प्रथम तोल सांभाळावयास शिकली, आणि पाय फिरविणें मागाहून आलें.

आतां तोल म्हणजे काय, तें पाहूं. लहानपणीं तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ आपण सर्वांनीं केला आहे. काठी ज्या बाजूस कलेल त्याच बाजूस हात नेला कीं ती सावरते. दुचाकीचेंहि तसेंच. डावीकडे तोल जाऊं लागला कीं पुढचें चाक किंचित् डावीकडे वळवावें, म्हणजे चाकें पुन्हां शरीराच्या खालीं येतात. हें तोंडानें सांगून येत नाहीं; रूपावली घोकून घेतां येते, ही विद्या मात्र शरीरास आपण होऊन सांपडावी लागते. बाजूचीं जादा चाकें गाडीस कलूंच देत नाहींत. त्यामुळें मूल पायडल मारावयास शिकतें, आणि अवघड तेवढें राहून जातें. मग पांचव्या-सहाव्या वर्षीं तीं चाकें काढलीं कीं बैठकीस मागून धरून धांवणारे, घामाघूम झालेले वडील कोणीं पाहिले नाहींत?

निवड करतांना रंग आणि चित्रें यांकडे पाहूं नये. प्रथम मुलाचें माप घ्यावें. त्यास अनवाणी भिंतीशीं उभें करावें, एक पुस्तक दोन्ही पायांच्या मध्यें आडवें धरून वर टेंकेपर्यंत न्यावें, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें. (पुस्तक पातळ व कडक पुठ्ठ्याचें असावें, आपट्यांचा कोश या कामीं नको.) बैठक या अंतरापेक्षां दोन-तीन सेंटिमीटर खालीं असली म्हणजे तळवे सपाट टेंकतात आणि गुडघे थोडे वांकलेले राहतात. अंतर ३५ सेंटिमीटर भरलें तर बैठक ३२ किंवा ३३ वर. ‘वाढत्या अंगाचें घ्या’ हा न्याय सदऱ्यास ठीक आहे, गाडीस नाहीं. बोटें टेंकवून लटपटणारें मूल दोन दिवसांत त्या गाडीचें नांव टाकतें. एकत्र कुटुंबांत मात्र तिच्यावर एकामागून एक तीन-चार भावंडें बसावयाचीं. तेव्हां बैठक कितपत खालींवर होते हें अवश्य पाहावें. वजनाचा नियम सोपा आहे. मुलाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून गाडी जड नसावी. बारा किलोंच्या मुलास चार किलो ही परमावधि, तीन मिळाल्यास उत्तम. पडलेली गाडी ज्याची त्यास उचलतां आली पाहिजे.

चाकांविषयीं आमच्या गांवापुरतें निराळें बोलावें लागतें. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वैतरणेची खाडी, तीपलीकडे अर्नाळा, वाटा वाळूच्या. शहरांत फेसाळ रबराचीं, हवा न भरण्याचीं चाकें सोयीचीं, कारण तीं पंक्चर होत नाहींत व हलकीं असतात. परंतु तीं अरुंद चाकें वाळूंत रुततात आणि ओल्या फरशीवर घसरतात. येथें हवेचीं, थोडीं रुंद, बारा इंची चाकें घ्यावीं. (बेलफास्टच्या डनलॉप यांनीं हवेचें टायर केलें, तें १८८८ च्या सुमारास, आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीकरितांच.) हातब्रेकसाठीं जादा पैसे देण्याचें कारण नाहीं, दोन-अडीच वर्षांच्या मुठींत तो आवळण्याचें बळ नसतें, पायच ब्रेकचें काम करतात. हँडलच्या टोंकांस जाड रबरी गोळे असावेत, म्हणजे पडतांना टोंक पोटांत लागत नाहीं. मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आय. एस. आय. चिन्ह सक्तीचें झालें आहे. बिनचिन्हाचा स्वस्त माल घरपोंच आला तरी तो घेऊं नये.

आमच्या घरीं गाडी आली ती नातवाच्या नांवानें. तो एकवीस महिन्यांचा. त्याची चुलत बहीण साडेतीन वर्षांची, मोठी समजूतदार. तिनें मागितलीहि नाहीं. माप घेतां नातवाचें ३१ भरलें, आणि बैठक अगदीं खालीं केली तरी ३३ वर राहिली. नातीस ती थोडी वर चढवून बरोबर बसली. वस्तु मुलाची आणि चालविणार मुलगी, अशी दोन दिवस माजघरांत कुजबुज झाली. पाठविणाऱ्यांस काय वाटेल, असाहि प्रश्न निघाला. मीं फूटपट्टी पुढें केली. पाठविणाऱ्या काकांस पत्रानें हकीकत कळविली; त्यांचें उत्तर आलें कीं, ‘जिचे पाय पोंचतील तिची.’ सुनेनें तें पत्र देवघराच्या कोनाड्यांत ठेविलें आहे.

तिला कोणीं मागून धरलें नाहीं, ढकललेंहि नाहीं. ही एक गोष्ट मोठ्या माणसांनीं पाळावी. पहिला आठवडा ती गाडी दोन पायांत धरून नुसती चालली. तिसऱ्या आठवड्यांत सारवलेल्या अंगणांत तुळशीवृंदावनापासून फाटकापर्यंत पाय वर घेऊन गेली. डोक्यास शिरस्त्राण, पायांत बंद जोडे, आणि उतारावर मनाई. विहिरीवर लोखंडी जाळी बसविल्यावांचून परसाकडचें दार उघडावयाचें नाहीं, असा नियम केला.

खाऱ्या वाऱ्यानें स्क्रू लवकर गंजतात. आठवड्यांतून एकदां गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानें गाडी पुसावी, कोरडी करावी, आणि स्क्रूंस खोबरेल तेलाचें बोट लावावें. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत अंगणांत शेवाळ धरतें. त्या दिवसांत गाडी पडवींत चालवावी, नाहीं तर माळ्यावर टाकावी. तोंवर नातवाचे पाय वाढावयाचे आहेत.