पुड्यावरचे बारीक अक्षर



ताडकळसच्या कोणत्याही किराणा दुकानापुढे उभे राहा. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा दारात लटकलेल्या दिसतील. सकाळी खुरपणीला निघालेली आई लेकराच्या हाती चहा-बिस्कीट देते. आम्ही तिला नावे ठेवणार नाही, कारण चूल पेटवायला तिला उसंत नसते. पण तो पुडा फेकण्यापूर्वी एकदा उलटा करावा आणि शाळेत जाणाऱ्या मुलीकडून मागचे अक्षर वाचून घ्यावे. केंद्राच्या नियमाप्रमाणे ते इंग्रजीत किंवा हिंदीत असले तरी चालते, मराठीची सक्ती नाही. खेड्यातल्या आईने ते वाचावे अशी कोणाची इच्छाच दिसत नाही!

जिन्नस ज्या क्रमाने छापलेले असतात, त्याच क्रमाने ते वजनाने जास्त असतात. बहुतेक बिस्किटांवर मैदा, साखर, पामतेल अशी सुरुवात असते. खालच्या तक्त्यातील आकडे साधारणपणे शंभर ग्रॅमचे असतात. साध्या ग्लुकोज बिस्किटात शंभर ग्रॅममागे साखर २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच चमचे, आणि प्रथिने सातच्या आसपास. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात प्रथिने २५ ग्रॅमच्या घरात आहेत. 'यूज बाय' ही तारीख उलटलेला माल खाऊ नये, घेतला असेल तर दुकानदाराला परत करावा.

शरीराची गरज वयाप्रमाणे बदलते. बाळाला सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको. बाळाच्या दूध-पावडरीच्या डब्यावरही आईचे दूधच उत्तम असे छापावे लागते, तसा १९९२ चा कायदा आहे. सहा महिन्यांनंतर वरणात कुस्करलेली भाकरी, मुगाची मऊ खिचडी सुरू करावी.

पण सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते वयात येणाऱ्या मुलीकडे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते, त्याच वयाच्या मुलाला २२. आमच्या घरांतून वाढताना मात्र उलटे घडते. रश्शातली फोड, अंडे आधी मुलाच्या ताटात, आणि मुलगी आईबरोबर मागाहून उरलेले खाते. पुढे तीच मुलगी बाळंतपणात पांढरीफटक पडते, तेव्हा आपण नशिबाला बोल लावतो.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याने एक मोठे काम केले आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला. त्याच्या एका किलोत लोह सुमारे ४५ मिलिग्रॅम असते, साध्या ज्वारीत ३० च्या आसपास. त्याच्या तीन भाकरी खाल्ल्या तर नऊ मिलिग्रॅमच्या आसपास लोह पोटात जाते. तेवढ्याने मुलीचे भागत नाही, पण पाया पक्का होतो. वर अंबाडीची, शेपूची भाजी, लिंबाची फोड, जमेल तेव्हा सुकट किंवा कलेजी द्यावी. मांसातले लोह अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो. दुःख एवढेच की सोयाबीन आल्यापासून खरिपाची ज्वारी आपल्या शिवारातून निघून चालली आहे. आणि भाकरीवर काही छापलेले नसते, म्हणून मुलांना ती गरिबाची वाटते.

गरोदर बाईने कमी खावे, नाहीतर मूल मोठे होऊन अडते, असे म्हाताऱ्या सांगतात. ते चूक आहे. तिला रोज एक भाकरी आणि वाटीभर वरण जास्त लागते, अंगावर पाजणारीला त्याहूनही अधिक. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकाचा पाठपुरावा केला, तो याच आयांसाठी. गरोदर भगिनीने उपोसथाला दुपारनंतर उपाशी राहण्याचा हट्ट धरू नये. सिद्धार्थानेही देह झिजवणे सोडून सुजाताची खीर घेतली होती.

म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात, तेव्हा तीळ, नाचणी, ताक ताटात असावे. मीठ दिवसाला एक चमचा, पापड-लोणच्यातले धरून.

राहता राहिला ताकद देणाऱ्या पावडरीचा डबा. 'हेल्थ ड्रिंक' असा कोणताही प्रकार अन्नकायद्यात नाही. म्हणून २०२४ साली केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या नावाखालून काढायला सांगितले. डबा उलटा करून साखरेचा आकडा पाहावा, आणि त्याच पैशात किती अंडी नि किती शेंगदाणे येतात, याचा हिशोब दुकानातच उभ्याने करावा.