ताज्या अंड्याची फजिती



आजचा पदार्थ फ्रान्सचा आहे, पण त्याला लागणारी अंडी तुमच्या-आमच्या खुराड्यातलीच आहेत. म्हणून ही हकिकत आधी सांगतो आणि कृती मागाहून.

माझी धाकटी मुलगी पुण्याला असते. तिच्या यजमानांच्या ऑफिसातले साहेब फ्रान्सचे. गेल्या दिवाळीनंतर त्यांना आणि आणखी दहा-बारा मंडळींना तिने संध्याकाळी घरी बोलावले. जेवणाआधी उभ्याउभ्या हातात पेला घेऊन गप्पा मारायच्या आणि एका घासात मावेल असे काही खायचे, याला शहरात कॉकटेल पार्टी म्हणतात. पेल्यात काय असावे हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न. मुलीने कोकम सरबतही ठेवले होते. खायला तिने फ्रान्समधली 'मिमोझा अंडी' करायचे ठरवले आणि आईला निरोप धाडला, "आई, आपल्या कोंबड्यांची ताजी अंडी घेऊन ये."

आमच्या सौभाग्यवतीने आदल्या दिवसाची आणि त्या सकाळची मिळून अठरा अंडी डब्यात भुसा घालून नीट बसवली. एस.टी.त डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. एकही अंडे फुटले नाही. पण उकडून सोलायला घेतली तर टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघू लागले. अठरांपैकी धड निघाली पाच. पाहुणे यायला तास राहिलेला. जावईबापूंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून डझनभर अंडी आणली. ती उकडली आणि हरभऱ्याच्या सालीसारखी सुटली.

सौभाग्यवती काही बोलली नाही. थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, आपल्या कोंबड्यांत काही खोट आहे का?"

खोट कोंबड्यांत नव्हती, माझ्यात होती. कारण मला ठाऊक होते. पदवीच्या वर्गात शिकलो होतो, गावोगावच्या सभांत सांगतही आलो. घरच्या बाईला मात्र कधी सांगितले नव्हते. म्हणून आता तुम्हाला सांगतो.

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात कर्बवायू विरघळलेला असतो. तोवर बलक कवचाआतल्या पातळ पापुद्र्याला घट्ट चिकटतो. दिवस जातात तसा हा वायू छिद्रांतून निघून जातो, बलकाचा अल्कपणा वाढतो आणि पापुद्रा सुटा होतो. म्हणून ऑम्लेटला ताजे अंडे उत्तम, पण उकडून सोलायला आठवडाभराचे बरे.

भगिनींनो, अंडे गोळा केले की त्यावर शिसपेन्सिलीने तारीख घाला. तारीख नसेल तर पाण्यात सोडून पाहा. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, काही दिवसांचे टोकावर उभे राहते, तरंगणारे फेकून द्यावे. आणखी एक. कळपात कोंबडा असेल तर कडक उन्हाळ्यात अंडी आठवडाभर बाहेर ठेवू नका. उष्णतेने आत गर्भ वाढू लागतो.

आता कृती. साहित्य: ६ अंडी, ३ मोठे चमचे सूर्यफुलाचे तेल, अर्धा लहान चमचा फेसलेली मोहरी, १ लहान चमचा लिंबाचा रस, मीठ, मिरपूड, थोडी कोथिंबीर. फ्रान्समध्ये दिजाँ गावच्या नावाने ओळखली जाणारी मोहरीची चटणी आणि पार्सली नावाचा पाला घालतात.

पाण्याला उकळी आली की अंडी पळीने अलगद सोडा आणि १० मिनिटे ठेवा. मग लगेच गार पाण्यात टाका. जास्त उकडले तर पिवळ्यातले लोह आणि पांढऱ्यातले गंधक मिळून पिवळ्याभोवती हिरवट कडे येते. ते अपायकारक नसते, पण दिसायला वाईट.

अंडी सोलून उभी चिरा आणि पिवळे काढून घ्या. एक पिवळा मोहरी, लिंबूरस व मिठासह लोण्यासारखा घोटा. त्यात आधी थेंबथेंब, मग बारीक धारेने तेल घालत एकाच दिशेने घोटत राहा. घाई केली तर तेल वेगळे होते. तसे झालेच तर चमचाभर कोमट पाणी घालून पुन्हा घोटा. या दाटसर मिश्रणात तीन पिवळे, मिरपूड आणि कोथिंबीर कुस्करून मिसळा व पांढऱ्याच्या वाट्या भरा. उरलेले दोन पिवळे स्वच्छ गाळणीतून दाबून वर भुरभुरा.

फ्रान्समध्ये मेयोनेझ नावाच्या या मिश्रणात बहुधा कच्चा पिवळा बलक घालतात. आपण तसे करू नये. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात आणि आपल्या हवेत ते झपाट्याने वाढतात. उकडलेल्या बलकानेही तेल धरून ठेवता येते. तरीही भरलेली अंडी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात तासाभरात संपवा. हौसेने बोलावलेला पाहुणा आजारी पडून जाऊ नये.

आणि हे 'मिमोझा' नाव? दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर हिवाळ्याअखेर एक झाड पिवळ्या गोंड्यांनी भरून जाते. ते मूळ ऑस्ट्रेलियाचे, आपल्या बाभळीचे भाऊबंद. भुरभुरलेला पिवळा त्या फुलांसारखा दिसतो म्हणून हे नाव. आपल्या बांधावरची बाभूळ फुलली की आठवा.

त्या संध्याकाळी वाट्या दुकानातल्या अंड्यांच्या होत्या. पण फाटलेल्या तेरा अंड्यांचे पिवळे काही बिघडले नव्हते. वर भुरभुरायला मुलीने तेच घेतले. आमच्या कोंबड्या दिवसभर घास-पाला खातात, त्यामुळे त्यांचा पिवळा गडद असतो. साहेबांच्या पत्नीने ताट पाहिले आणि हा रंग कुठला, असे विचारले. मुलीने आईकडे बोट दाखवले.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी पाहिले, तर खुराड्याशेजारच्या खिळ्याला दोरीने पेन्सिल बांधलेली होती.