आधी झोन, मग झोपाळा!

"मॅडम, तुम्ही फक्त सही करा. बाकीचं सगळं होतं!"

पवन मावळातल्या एका उतारावर उभं राहून एजंटसाहेब हे बोलले, तेव्हा समोर पवना धरणाचं पाणी चमकत होतं आणि माझे बाबा पुरते विरघळले होते. नुकतेच रिटायर झालेत ते. खात्यात पीएफचे पैसे, डोक्यात ओटा, झोपाळा आणि तुळशीवृंदावन. घरी आल्या आल्या त्यांनी आलेखाच्या कागदावर घराचा नकाशाच काढला. पाच गुंठे, म्हणजे ५,४४५ चौरस फूट. सोमवारी टोकन द्यायचं, ठरलंसुद्धा!

रविवारी मी कागद घेऊन आर्किटेक्ट मैत्रिणीकडे गेले. तिचा पहिलाच प्रश्न, "बांधकामाची परवानगी कोण देणार?" मी ऐटीत ग्रामपंचायतीचा दाखला पुढे केला. बाईसाहेब हसल्या. लोणावळ्याच्या हद्दीत असाल तर तिथली नगर परिषद, तळेगावात असाल तर तळेगाव दाभाडे नगर परिषद आणि मावळातली बहुतेक गावं २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडे. नुसत्या ग्रामपंचायतीच्या कागदावर तिथे घर उभं राहत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग तिने यादीच वाचली. स्वतंत्र सातबारा (आमच्या प्लॉटचा सामाईक, अकरा नावं!), भूमी अभिलेखची मोजणी, झोन दाखला. त्यानंतर आर्किटेक्टमार्फत नकाशांसह अर्ज. १९६६ च्या एमआरटीपी कायद्यानुसार ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानता येतं. पण आराखडा नियमात बसत असेल तरच. पुढे प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. "एवढं सगळं? एका झोपाळ्यासाठी?" मी वैतागलेच.

तिने शांतपणे प्लॉटचे फोटो पुन्हा पाहिले. "उतार केवढा आहे गं?" २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम चालत नाही. म्हणजे पाच फूट पुढे जाताना एक फूट चढ लागला, की संपलं. आमच्या प्लॉटवर तर मला सँडल काढून चढावं लागलं होतं!

नियम म्हणजे कटकट, असंच आपल्याला वाटतं ना? पण लोणावळ्याजवळ उगम पावणारी आपली इंद्रायणी खाली चिखलीत पोहोचते. तिथे निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडले. हरित लवादाचा आदेश होता आणि सुप्रीम कोर्टानेही तो कायम ठेवला होता. लोक कर्ज काढून तिथे राहायला आले होते हो!

रात्री बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. ते बराच वेळ नकाशाकडे बघत बसले. मग म्हणाले, "उतारावरून पाणी येणारच गं. आपण त्याच्या वाटेत कशाला बसायचं?"

सोमवारी टोकन दिलं नाही. नकाशा मात्र फ्रिजवर चिकटवलाय. प्लॉट बघायला आम्ही अजूनही जातो. फक्त आता एजंटने "सगळं होतं" म्हटलं, की बाबाच विचारतात, "झोन दाखला आणलाय का?"

निम्मे एजंट तिथेच चहा सांगायला जातात आणि परत येत नाहीत!